मासा छाप चाकू

कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९५१

आकाराम दाजींना केरबाचा रामराम.

इचलकरंजीचा ज्ञानू परवा मुंबईहून सांजच्या गाडीनं उतरला आणि तुमचं बोचकं दुकानात टाकून गेला. इचलकरंजीची गाडी चुकंल म्हणून च्यासुद्धा घेतला न्हाय. बोचकं सोडलं. मासा छाप चाकू, पात्यावर जर्मनीचा शिक्का, सगळं मिळून पंधरा. दाजी, मी दोन डझन सांगितलतं. पंधराला दोन डझन कुठल्या शाळंत म्हणत्यात?

राग मानू नका. महाद्वारात कटलरीचं दुकान घालून बसलोय, फणी, आरसा, अडकित्ता, वस्तरा, सगळं विकतोय. पर माल बघितल्याबिगर आजपातूर घेतला न्हाय. तुमी भणीचं मालक, म्हणून तुमच्या भरवशावर मागवला. आता आलेला माल तरी बघायला नको का?

तर बघितला. पातं उघडताना आवाज घट्ट यायला पायजे, तो आला. उघड्या पात्याला बोटानं हालवून बघितलं, हाललं न्हाय. नखावर धार टेकवली, घसरली न्हाय. हातावरची केसं काढली, निघाली. घरातली मंडळी म्हणाली, आता दुसरा हात तेवढा कशाला ठेवताय, तो बी भादरून घ्या. इथवर माझी तक्रार न्हाय.

पर दाजी, पातं मळकट. इलायती माल म्हंजे कसा डोळं दिपवणारा पायजे. त्यात काल आमच्या मीनाक्षीनं त्या चाकूनं लिंबू चिरलं आणि पुसायचं विसरली. सकाळी बघतोय तर पातं काळंनिळं. जर्मनीचं लोखंड एका लिंबाला भितंय व्हय? मी गिऱ्हाइकाला काय सांगू? सस्ता हाय म्हणून काळा हाय, असं सांगू?

ज्ञानू आणखी काय काय बोलत होता, ते ऱ्हाऊ दे.

बनाचा निरोप पोचला. मीनाक्षीला तुमच्या माधवासाठी मागत्या. आत्याच्या घरात पोरगी द्यायची आपली रीतच हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर घाई नको. बघू.

केरबा


मुंबई
२५ नोव्हेंबर १९५१

केरबा पाव्हणं, रामराम.

पत्र पोचलं. चाकू पंधराच मिळाले. परदेशी मालावर आता लायसन लागतं. बाजारात येतो तोच थोडा, आणि येतो त्यातसुद्धा... ते जाऊ द्या. पंधराचेच पैसे मी तुमच्याकडून घेतलेत, जास्त घेतलेले नाहीत, तेव्हा विषय तिथंच संपला.

पातं काळं पडलं म्हणून घाबरू नका. उलट तेच बघायचं असतं. खरं पोलाद लिंबानं काळं पडतंच. ज्याच्यावर निकेलचा मुलामा चढवलेला असतो ते पडत नाही, कारण रस आतल्या लोखंडापर्यंत पोचतच नाही. वरून आरसा आणि आत मऊ पत्रा. असला चाकू पहिल्या दिवशी कागद कापतो, आठवड्यानं दोरीसुद्धा कापत नाही. मी हे कुठं शिकलो ते विचारू नका.

तुमचे पंधराही चाकू मी स्वतः लिंबू लावून बघितले आणि मग राखेनं घासून पाठवले. मळकट दिसतात ते त्यामुळंच. गिऱ्हाइकाला सांगा, काम झालं की पुसून तेलाचं बोट फिरवायचं. काळेपणा गेला नाही तरी बिघडत नाही.

माधव छापखान्यात कायम झाला. माझं वखारीतलं मुकादमाचं काम आहे तसं चालू आहे. बना तुमच्या 'बघू'वर बसली आहे. तिला वाटतं भाऊ बघू म्हणाला म्हणजे हो म्हणाला. मला तसं वाटत नाही, पण मी तिला काही बोललो नाही.

आकाराम


कोल्हापूर
९ डिसेंबर १९५१

बना,

हे पत्र दाजींच्या हातात पडू देऊ नको. तुझ्या शेजारच्या बाईंकडनं वाचून घे आणि चुलीत घाल.

ज्ञानू काय बोलला ते आता सांगतो. तो तुमच्या खोलीवर आलता तवा दाजी बोचकं बांधत होतं. तेनं सवताच्या डोळ्यानं बघितलं. चाकू दोन डझन होतं. त्यातलं नऊ चाकू, आरशागत लखलखणारं, दाजींनी पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि मळकट पंधरा माझ्यासाठी बांधलं. तेनं इचारलं, हे का ठेवलं, तर दाजी म्हणालं, ते पाठवायचं न्हाईत. आणि मला लिवत्यात, पंधराच मिळालं!

वर मला शिकवत्यात, काळं पडतं तेच खरं. मला काय दुधखुळा समजलाय? काळं ते चांगलं असंल तर पांढरं सवताच्या डब्यात कशापायी ठेवलं? चांगलं निवडून आपल्याला आणि उरलंसुरलं मेव्हण्याला, दुसरं काय न्हाय. दुकानात माझं तोंड काळं झालं तर दाजींचं काय जातंय?

बना, चाकू गेलं खड्ड्यात. मला एकच पोरगी हाय. तुझं लगीन झाल्यापासनं तुझ्या नवऱ्याला मी बोटावर मोजण्याइतकं भेटलोय. दिवाळीला यायचं, चार शब्द बोलायचं, टोपी झटकून निघून जायचं. मुंबईत हा माणूस काय करतंय, कुणात बसतंय, मला हितं बसून कसं कळावं? साध्या चाकवासाठी जो मेव्हण्याशी खोटं बोलतो, तेच्या उंबऱ्यात मीनाक्षीला कशी घालू?

तू माझी पाठची भण. तुला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीया. खरं सांग. त्या डब्यात काय हाय?

तुझा दादा


मुंबई
२० डिसेंबर १९५१

मामांना माधवचा नमस्कार.

शेजारच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आहेत. त्यामुळे तुमचं पत्र आईला मी वाचून दाखवलं. 'दाजींच्या हातात पडू देऊ नको' हे पहिलंच वाक्य होतं, तेही वाचलं. थांबायला हवं होतं, पण आई समोर बसली होती आणि भावाचं पत्र म्हणून हसत होती.

पत्र चुलीत घातलं. बाबांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. डब्यात काय आहे ते मला माहीत आहे. पण ते तुम्हाला सांगायचं की नाही हे बाबांनी ठरवायचं आहे.

आई त्या दिवशी जेवली नाही. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहितो. "दादाला म्हणावं, पोरगी द्यायची नसंल तर देऊ नको. पर माझ्या घरात डोकवायला माझाच हात धरू नको."

मीनाक्षीच्या बाबतीत तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. मला विडी-तंबाखूचं व्यसन नाही. तुम्ही ते विचारलं नव्हतं, तरी विचारायचं मनात असेल म्हणून लिहिलं.

माधव


कोल्हापूर
१७ फेब्रुवारी १९५२

आकाराम दाजींना रामराम.

बरेच दिवस पत्र न्हाय, म्हणून कायतरी बिनसलंय असं समजू नका. गुळाचा हंगाम हाय. बाजारात पाय ठेवायला जागा न्हाय, आणि आमच्या दुकानावर बी गर्दी हाय.

तुमच्या चाकवाचं सांगतो. शाहूपुरीतला एक दलाल मासा छाप घेऊन गेलता. तेचं काम म्हंजे गुळाच्या रव्याला चाकू लावायचा, ढेपेच्या आतला गूळ काढून बघायचा, की पुढचा रवा. सकाळधरनं सांजपातूर हेच. चाकू काळाठिक्कर पडलाय म्हणून मी आपला तेला बघितलं की मान खाली घालायचो. तर परवा गडी सवताच दुकानात आला. मला वाटलं आता चार लोकांत माझी काढतोय. तर म्हणतोय, अजून एकदाबी दगडाला लावला न्हाय, असलाच आणि एक दे, भावाला पायजे. तेच्या मागनं त्याच्या वळखीचं आलं. आता माझ्याकडं विकायला दोनच चाकू उरल्यात.

आणि मी हुशारी करून दुसऱ्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडनं लखलखीत चाकू घेतलं होतं. दिसायला नवरीगत. महिन्यात पात्याचं पोपडं निघालं, आत नुसता पत्रा. गिऱ्हाइकं माझ्या नावानं शिमगा करत्यात. मी आता नव्या मालाला आधी लिंबू लावतोय, मग तोंड उघडतोय. लिंबाचं तुमचं खरं निघालं, दाजी. कबूल.

आता मुद्द्याचं. मीनाक्षी तुमची. वैशाखात उरकून टाकू. पोरगा मला पटलाय. कशावरनं पटला ते इचारू नका.

पर एक हाय. मी दोन डझन सांगितलतं, त्यातल्या नवाचं काय झालं ते अजून तुमी बोलला न्हाईसा.

केरबा


मुंबई
२ मार्च १९५२

केरबा पाव्हणं, रामराम.

तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बना रडली, आणि मग शेजारीपाजारी साखर वाटून आली. मी एवढंच लिहितो की मीनाक्षीला या घरात काही कमी पडणार नाही.

हळद आमच्या गावी गडहिंग्लजला करू, लग्न तुमच्या दारी. नवरदेवाच्या हातात धरायला लिंबू टोचलेली कट्यार लागते, ती गावात कुणाकडं तरी मागावी लागणार. माधव म्हणतो, कट्यार कशाला, चाकूलाच लिंबू टोचू, सासरा चाकूवाला आहे. चाकू घरातला आहे. तुम्ही देऊ नका. पाव्हण्यापाव्हण्यात चाकू देऊ-घेऊ नये, भांडण लागतं, असा आमच्या आईचा समज होता. समज का असेना, आपल्याला भांडण नको.

नऊ चाकू मिळालेच नाहीत असं समजा.

आकाराम


कोल्हापूर
२१ मे १९५२

चि. मीनाक्षीस अप्पाचा आशीर्वाद.

तू गेल्यापासनं घर खायला उठतंय. तुझी आई दोन माणसांच्या जेवणाला अजून तिघांचं पीठ मळत्या आणि मग माझ्यावर डाफरत्या. ते असू दे. तुला एक सांगायचं हाय, ते तुझ्या आईला बी सांगितलं न्हाय.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. माधवाच्या हातातला चाकू मी नीट ठेवतो म्हणून घेतला. हळदीपासनं त्याच्या टोकाला लिंबू टोचलेलं. मासा छाप, जर्मनीचा शिक्का. सगळी म्हणत होती, नवरदेवाचा चाकू काय चकाकतोय. मी लिंबू काढलं. आत टोक आरशागत. एक डाग न्हाय! पोरी, मी दोनदा पुसून बघितलं. खोटा चाकू. माझ्या पोरीच्या मांडवात, तिच्या नवऱ्याच्या हातात, खोटा चाकू. मी तुझ्याकडं बघितलं. तू पंगतीत घास देत हसत होतीस. मी चाकू खिशात घातला.

आता मला सगळं उमगलं. ज्ञानूनं दोन डझन बघितलं होतं. लखलखीत नऊ दाजींनी डब्यात घातलं. मला तवा वाटलं चांगलं निवडून ठेवलं. आता कळतंय, ते खोटं होतं आणि दाजींना ते ठावं होतं. लिंबाचं मला शिकवलं तेच्यानीच की! मग खोटं चाकू घरात ठेवायचं कशापायी? मुंबईत कुणाच्या तरी गळ्यात मारायला. दुसरं कारण तूच सांग, मला सुचत न्हाय. मला बरा माल दिला, कारण मी वळखीचा. परक्याला खोटा. आणि असल्या माणसाच्या घरात मी सवताच्या हातानं तुला धाडली.

झोप लागंना झालीया. तू एक कर. पत्र्याचा डबा खाटंखाली न्हायतर कुठं आडोशाला असंल. त्यात किती चाकू हाईत ते बघ. कमी हुत्यात का ते बघ. दाजी सुट्टीच्या दिवशी काय घेऊन भाईर जात्यात का, ते बी बघ. कुणाला कळू देऊ नको. तुला लिवायला येतंय, तवा दुसऱ्याच्या हातनं लिवून घ्यायची गरज न्हाय.

अप्पा


मुंबई
८ जून १९५२

ती. अप्पांना मीनाक्षीचा नमस्कार.

डबा खाटेखाली नाही. स्वयंपाकाच्या जागेत फळीवर आहे, त्याला झाकणसुद्धा नाही. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कांदा चिरायला त्यातलाच एक चाकू घेतला. कांदा चिरलाच नाही, नुसता चेंगरला. आत्या हसायला लागली आणि म्हणाली, हे तुझ्या मामंजींचं वैभव, हात जोड आणि विळी घे.

आठ आहेत. नववा तुमच्या खिशात. एकानं आत्या तव्याला चिकटलेलं खरवडते. एक खिडकीच्या फटीत घातलाय, नाहीतर वाऱ्यानं झडप आपटते. एकाचं पातं पार वाकलंय, तो कशाच्याच उपयोगाचा नाही तरी टाकत नाहीत.

तुम्ही चोरून बघायला सांगितलंत, अप्पा. मी चोरून नाही बघितलं. मी मामंजींना सरळ विचारलं की हे एवढे खोटे चाकू आणले कशाला. तुमच्या पत्राचं नाव घेतलं नाही. त्यांनी डबा फळीवर आणखी आत सरकवला. मग तुमच्या जावयानंच सांगितलं. तुमच्यासाठी म्हणून मामंजींनी रस्त्यावरच्या एका पथारीवरून दोन डझनांची बंद पेटी घेतली. विकणाऱ्यानं वरचे चार उघडून दाखवले, ते खरे होते. घरी आल्यावर त्यातल्याच एका चाकूनं सुतळी कापेना, तेव्हा संशय आला. वखारीत चौकशी करून सगळ्यांना लिंबू लावून ठेवलं. पंधरा काळे पडले, ते तुम्हाला पाठवले. नऊ तसेच राहिले. मामंजी परत गेले तर तिथं तो माणूसही नव्हता आणि त्याची पथारीही नव्हती.

तुम्हाला का कळवलं नाही, हेही विचारलं. तेव्हा मामंजी खाली बघून म्हणाले, "केरबाला काय लिहू? इतकी वर्षं मुंबईत राहिलो आणि चाकू ओळखता आला नाही, असं लिहू? मी तुमच्या गल्लीचा जावई, फसलो म्हणून सगळे हसले असते." अप्पा, तुम्ही हसला असता. मीही हसले असते.

मग म्हटलं, टाकून तरी द्यायचे. तर म्हणाले, "टाकला तर कुणीतरी उचलंल, घासंल आणि विकंल. मी फसलो तेवढं बास."

लग्नाच्या वेळी यांनी म्हटलं होतं, तुमच्याकडून एक खरा मागवू. मामंजींनी नको म्हणून सांगितलं. म्हणाले, केरबाच्या विकायच्या मालातला एक कशाला कमी करायचा, नवरदेवाच्या चाकूला काय कापायचं असतं? अप्पा, या घरात एकही खरा चाकू नव्हता. खरे होते तेवढे सगळे तुमच्याकडे पाठवले होते.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. तुम्हाला मामंजींना काही लिहायचं असेल तर तुम्ही लिहा. पण आता या घरात बघून येऊन सांग असं मला परत लिहू नका. मला ते वाचताना लाज वाटली. हे माझं घर आहे.

आईला सांगा, दोघांचंच पीठ मळ.

मीनाक्षी


कोल्हापूर
१७ जून १९५२

आकाराम दाजींना केरबाचा रामराम.

मीनाक्षीचं पत्र पोचलं. नऊ चाकवांचं कळलं. मी हसलो न्हाय. मी बी तसाच फसलोय, फेब्रुवारीत तुमाला लिवलं होतंच की. तुमी नऊ घरात ठेवलं. मी मात्र विकलं, आणि गिऱ्हाइकं भांडायला आल्यावर परत घेतलं, आधी न्हाय. आता ते खोटं चाकू सगळं मोडीत घातलं, समोर उभा ऱ्हाऊन हातोड्यानं मोडून.

दाजी, माझ्या मनात तुमच्याविषयी वाईट आलतं. किती आलतं ते लिवत बसलो तर कागद पुरायचा न्हाय. बनाला आणि माधवाला थोडं ठावं हाय. दोघांनीबी तुमाला सांगितलं नसंल, तर आता इचारा, मी लपवून ठेवा म्हणत न्हाय.

संगं एक पार्सल हाय. तुमच्या पंधरातला एक मी कंदी विकला न्हवता, पयल्या दिवसापासनं माझ्याच खिशात होता. काळा पडलाय, पर धार तशीच हाय. तो तुमाला. पाव्हण्यापाव्हण्यात चाकू द्यायचा न्हाय म्हणता, तर मी हातात देत न्हाय, पोस्टानं धाडतोय. भांडण लागलंच तर तुमचं आणि पोस्टमनचं लागंल.

माधवाच्या हातातला मी परत देणार न्हाय. तो माझ्या खिशात ऱ्हाईल. कायबी कापत न्हाय, मला ठावं हाय. तरी ऱ्हाऊ दे.

आणि दाजी, पार्सल फोडलं की मी धाडलाय म्हणून तसाच खिशात घालू नका. आधी लिंबू लावून बघा. मला राग यायचा न्हाय.

केरबा